दुरावा समोरच्यामुळे आला असेल, तरीही ख्रिस्ती व्यक्तीने समेटासाठी आपणहून पुढे व्हावे का?

होय, व्हावे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:23-24) येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आणि भावाने आपला अपराध केला असेल, तर एकांतात जाऊन त्याला तो दाखवावा, असे पुढे (18:15) म्हणतो. म्हणजे चूक कोणाचीही असो, जायचे आपणच. एकांताची अट मात्र फार सहज मोडली जाते. मंडळीतल्या (चर्चमधल्या) चार जणांच्या कानावर गोष्ट घालून झाल्यावर भेट ठरते, आणि तोवर समोरचा माणूस दुखावून आणखी ताठर झालेला असतो.

भेटल्यावर, आपलीही काही चूक असेल तर, ‘तुला वाईट वाटले असेल तर क्षमा कर’ असे मोघम बोलू नये; ‘त्या दिवशी सर्वांसमोर मी तुला खोटे पाडले, ते माझे चुकले’ असे नेमके बोलावे, आणि मग त्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.

समेट झाला म्हणजे पूर्वीसारखी जवळीक लगेच यायलाच हवी, असेही नाही. याकोब व एसाव हे दुरावलेले भाऊ भेटल्यावर गळ्यात पडून रडले, तरी त्यानंतर एसाव सेईरकडे आणि याकोब सुक्कोथकडे गेला (उत्पत्ती 33). प्रेषित पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (12:18) ‘शक्य असेल तर’ आणि आपल्याकडून होईल तितके, अशी मर्यादा घालूनच सर्वांशी शांतीने राहण्यास सांगतो. जेथे मारहाण किंवा छळ आहे, तेथे मनातून क्षमा करूनही दूर राहणे आणि कायद्याची मदत घेणे मला पूर्णपणे योग्य वाटते.