पायथनच्या अ‍ॅपची ईएक्सई केली की ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असा एरर येतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की टीकिंटरमध्ये (पायथनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) केलेलं बिलिंगचं अ‍ॅप एडिटरमधून नीट चालतं, पायइन्स्टॉलरने ईएक्सईही, म्हणजे डबल क्लिकने चालणारी फाइलही बनते, पण डबल क्लिक केलं की काळी खिडकी चमकून जाते आणि अ‍ॅप उघडतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवला तेव्हा शेवटच्या ओळीत ‘नो मॉड्यूल नेम्ड बेबल डॉट नंबर्स’ एवढं वाचता आलं. कुणीतरी सांगितलं म्हणून पायथन काढून परत टाकलं, तरी तेच.

पायथन परत टाकून काही होणार नव्हतं. ईएक्सई आपल्यासोबत बांधलेलं पायथन वापरते, मशीनवरच्या पायथनकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या वेळी व्हिडिओची कसरतही नको. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ईएक्सई ओढून त्यात टाका, एंटर मारा. अ‍ॅप मेलं तरी खिडकी उघडी राहते, सगळं निवांत वाचता येतं.

तुमचं काम एका ओळीचं आहे. तारीख निवडायला तुम्ही टीकेकॅलेंडर वापरलं असणार, आणि ते आतून बेबल ही तारखा-आकडे भाषेनुसार दाखवणारी लायब्ररी वापरतं. कमांडमध्ये दोन डॅश देऊन हिडन-इम्पोर्ट हा पर्याय लिहा, पुढे बेबल डॉट नंबर्स, आणि ईएक्सई परत बांधा. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण उद्या दुसरं मॉड्यूल अडेल, म्हणून कारण सांगतो.

आमच्या सोलापुरात टॉवेलचा माल निघतो तेव्हा पॅकिंगवाला चलनावर लिहिलंय तेवढंच गठ्ठ्यात भरतो. मालक तोंडी काय बोलले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पायइन्स्टॉलर तसाच. तो तुमचा प्रोग्राम चालवून बघत नाही, कोड वाचून इम्पोर्टच्या ओळी गोळा करतो. फंक्शनच्या आत लपलेली ओळसुद्धा त्याला सापडते. पण मॉड्यूलचं नाव प्रोग्राम चालताना एखाद्या स्ट्रिंगमधून तयार होत असेल, तर ते चलनावर येतच नाही. बेबलचा मामला त्याहून आतला आहे. त्याच्याकडे प्रत्येक भाषेच्या तारखा-आकड्यांची माहिती पिकल केलेल्या, म्हणजे पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवलेल्या फायलींत असते, आणि ती फाइल उघडताना नंबर्स हे मॉड्यूल लागतं. कोडमध्ये नाव नाही, डेटामध्ये आहे. पायइन्स्टॉलरला कसं दिसणार?

मात्र हिडन-इम्पोर्ट हे प्रत्येक दुखण्याचं औषध नाही. हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला वजनकाट्याचं अ‍ॅप करून दिलं होतं. काट्याची वायर सीरियल पोर्टला, वजन आपोआप स्क्रीनवर, लेबल प्रिंट. बसवून आलो, चहा झाला, पैसेही अर्धे मिळाले. चौथ्या दिवशी दिवाणजींचा फोन.

“सर, ते एक्सेलचं बटण दाबलं की मागच्या काळ्या खिडकीत इंग्रजीच इंग्रजी येतंय ओ. वजनाचं चालतंय, लेबलचं चालतंय. एक्सेलच तेवढं निघंना.”

“शेवटची ओळ वाचून दाखवता का, दिवाणजी?”

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. पांडास, म्हणजे तक्ते हाताळणारी लायब्ररी, म्हणत होती की एक्सेल फाइल लिहिणारं ओपनपायएक्सएल नाही. आठवड्याचा हिशोब अडलेला, मालक मागे बसलेले. मी शहाण्यासारखं हिडन-इम्पोर्ट टाकून परत बांधलं. पुन्हा तेच. मग कलेक्ट-ऑल, म्हणजे त्या पॅकेजचं सगळंच भरा असा पर्याय टाकला. पुन्हा तेच, वर ईएक्सई तयार करायला दर वेळी चहा संपेपर्यंतचा वेळ. दीड तासाने लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपवर दोन वेगवेगळी पायथन टाकलेली आहेत. एडिटर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालवत होता आणि पायइन्स्टॉलरची कमांड दुसऱ्याच पायथनची होती. पांडास दोन्हीकडे, ओपनपायएक्सएल फक्त एकीकडे. गोदामात जो मालच नाही तो चलनावर दहादा लिहून काय उपयोग! बिल्ड चालू असताना ‘हिडन इम्पोर्ट नॉट फाउंड’ अशी ओळ येऊनही गेली होती, मी बघितली नाही.

तेव्हापासून मी नुसतं पायइन्स्टॉलर असं लिहून कमांड देत नाही. आधी एन्व्हायर्नमेंट चालू करतो, मग पायथन, डॅश एम, पायइन्स्टॉलर. म्हणजे ज्या पायथनने अ‍ॅप चालतं त्यानेच बांधलं जातं. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांचा घोळ इथेच असतो, आणि ते हिडन-इम्पोर्टच्या माळा ओवत बसतात.

तो सोडवल्यावरही अडलं तर बिल्ड फोल्डरमध्ये अ‍ॅपच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात वॉर्नने सुरू होणारी टेक्स्ट फाइल उघडा. न सापडलेल्या मॉड्यूलची यादी तिथे असते. यादी लांबलचक बघून घाबरू नका. पीडब्ल्यूडी, जीआरपी, पॉझिक्स ही नावं विंडोजवर दिसणारच, ती युनिक्सची आहेत. तुमच्या एररमधलं नाव त्यात आहे का, एवढंच शोधा. असेल तर ते मॉड्यूल त्या पायथनमध्ये टाकलेलंच नाही. यादीतही नाही आणि ईएक्सईतही नाही, तर पायइन्स्टॉलरला ते लागतं हेच कळलेलं नाही, तिथे हिडन-इम्पोर्ट.

नाव लिहिताना पिपचं (पॅकेज टाकायच्या कमांडचं) नव्हे, इम्पोर्टचं लिहायचं. पिपने पायसीरियल टाकतो, पण इम्पोर्ट होतं सीरियल. पिलोचं पीआयएल, ओपनसीव्हीचं सीव्हीटू. यात भर म्हणजे पिपवर सीरियल नावाचं वेगळंच पॅकेजही आहे, चुकून तेच बसलं तर काटा काही बोलत नाही.

स्पेक फाइलमध्ये, म्हणजे पायइन्स्टॉलर बांधणीच्या सूचना लिहून ठेवतो त्या फाइलमध्ये, हिडन-इम्पोर्ट्सच्या यादीत नावं लिहिलीत तर पुढच्या वेळी कमांडला स्पेक फाइलच द्या. मूळ पाय फाइल दिलीत की स्पेक नव्याने लिहिली जाते आणि तुमची भर पुसली जाते. क्लीनचा पर्यायही जोडा, जुन्या बिल्डचं उरलंसुरलं निघून जातं. आणि लोगो किंवा डेटाबेस सापडत नाही असा एरर आला तर ते मॉड्यूलचं दुखणं नव्हे, त्याला अ‍ॅड-डेटा हा फायली सोबत भरायचा पर्याय.

गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी प्रत्येक बटण दाबा. मी फक्त अ‍ॅप उघडून वजन घेऊन बघितलं होतं, एक्सेलला हात लावला नव्हता. काही मॉड्यूल बटण दाबल्यावरच मागवली जातात, तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं दिसतं.

तुमचं अ‍ॅप दुकानात बसणार आहे म्हणून आणखी एक. चाटी गल्लीतल्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 अजून भेटतं. पायथन 3.9 आणि त्यापुढचं त्यावर चालत नाही, त्यामुळे त्याने बांधलेली ईएक्सईही नाही. तिथे मॉड्यूलचा नाही, डीएलएलचा (विंडोजची सिस्टिम फाइल सापडत नाही असा) एरर येईल. अशा गिऱ्हाइकासाठी 3.8 वर बांधा, आणि त्याचं विंडोज 32 बिटचं असेल तर पायथनही 32 बिटचंच घ्या.