नव्या ट्रॅकवर वाद घालण्याआधी

अरे, पार्क चौकात चहाच्या टपरीवर तू परवा ठासून सांगत होतास की फॉर्म्युला वनच्या माद्रिदमधल्या नव्या ट्रॅकवरचं 'ला मोनुमेंताल' हे वळण नेदरलँड्समधल्या झँडवूर्ट ट्रॅकवरच्या वळणापेक्षा जास्त कललेलं आहे. बाबा, माद्रिदच्या वळणाच्या कलाचा २४ हा आकडा टक्क्यांत आहे, अंशांत नाही. अंशांत तो साडेतेराच्या आसपास येतो, आणि झँडवूर्टचं शेवटचं वळण १८ अंशांचं आहे. पण माद्रिदचं वळण लांबलचक, म्हणजे टायरवरचा ताणही जास्त वेळ राहणार. वाद घालायचाच तर त्यावर घाल.

गाड्यांच्या करामतींचंही तसंच. 'चीटिंग' म्हणून मोकळा होऊ नकोस, आधी नियमात काय लिहिलं होतं ते बघ. १९७८ मध्ये स्वीडनच्या रेसला ब्रॅबहॅम संघाने गाडीच्या मागे भला मोठा पंखा लावला. सांगायला इंजिन थंड करायला. खरं काम गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवायचं. त्यांचा ड्रायव्हर निकी लाउडा जिंकला, निकाल कायम राहिला, गाडी मात्र पुन्हा रेसला उतरली नाही. २०१० ची मॅकलारेन संघाची गाडी तर माझी लाडकी: सरळ रस्त्यावर ड्रायव्हर गुडघ्याने एक भोक झाकायचा, हवेची वाट बदलायची, मागच्या विंगमुळे (गाडीला खाली दाबणाऱ्या आडव्या पट्टीमुळे) होणारा हवेचा अडथळा कमी व्हायचा आणि वेग वाढायचा. गुडघ्याने! पुढच्या वर्षी बंदी आली म्हणा.

युरोपातल्या रेस बहुतेक आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागतात. शनिवारची क्वालिफाइंग (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी) चुकवू नकोस आणि गाडीवरच्या ऑनबोर्ड कॅमेऱ्यात ड्रायव्हरचे हात बघ. स्टिअरिंग किती वेळा सावरावं लागतंय, त्यावरून गाडीचा स्वभाव कळतो.