इकॉनॉमिक्स न शिकता कॉम्पिटिशन लॉचा रिसर्च सेमिनार घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लॉच्या चौथ्या वर्षाला आहात, इकॉनॉमिक्स कधी धड केलं नाही, कॉलेजात कॉम्पिटिशन लॉचा (म्हणजे बाजारातल्या स्पर्धेच्या कायद्याचा) रिसर्च सेमिनार निवडायचा की नाही हे ठरत नाहीये, आणि घेतलाच तर गूगल कंपनीच्या केसवर पेपर लिहिला तर पुढे नोकरीला फायदा होईल का. सेमिनार घ्या. गूगलवर लिहू नका. बाकीचं सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न वाचून माझं डोकं जरा तापलंच, "इकॉनॉमिक्स नसेल तर या विषयाला हात लावू नका" हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे आणि ते तेव्हाही मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आमच्या सेमिनारला जवळजवळ सगळ्यांनी बिग टेक घेतलं. गूगल, ॲमेझॉन, डेटा, अल्गोरिदम. मी घेतलं सरकारी टेंडर. म्हणजे टेंडरमध्ये सगळ्यांचे दर सारखेच आले तर तेवढ्यावरून संगनमत सिद्ध होतं का, एवढाच प्रश्न. सेमिनार घेणारे सर मूळचे इकॉनॉमिक्सचे, त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की यात रिसर्च काय करणार, चार कंपन्यांनी एकच आकडा लिहिला म्हणजे कार्टेल (आपसात दर ठरवणारी टोळी), झालं, विषय संपला.

संपत नाही हो. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आहेत, तुम्हाला नावं माहीत असतीलच. एक्सेल क्रॉप केअर, 8 मे 2017. राजस्थान सिलिंडर्स, 1 ऑक्टोबर 2018. दोन्ही न्यायमूर्ती सिक्रींनी लिहिलेले, दोन्हींत सरकारी खरेदीदार, दोन्हींत सारखे दर, आणि निकाल एकमेकांच्या बरोबर उलटे. दीड वर्षसुद्धा मध्ये गेलेलं नाही. याच्यात रिसर्च नाही तर कशात आहे?

मी दोन्ही निकाल प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवले आणि एका मोठ्या कागदावर रकाने पाडले: विकणारे किती, घेणारा कोण, माल काय, मागचा दर सगळ्यांना माहीत होता का, बोली उघडल्यावर दर घासून कमी केला का, ऑर्डर शेवटी कोणाला गेली. पेन्सिलीने भरत गेलो. एक्सेलच्या केसमध्ये एफसीआयला (भारतीय अन्न महामंडळाला) धान्य टिकवायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागायच्या, देशात बनवणारे मोजून चार, आणि 2009 च्या टेंडरला त्यातल्या तिघांनी किलोला 388 रुपये हाच दर भरला. तिघांचा उत्पादन खर्च वेगळा, तरी आकडा तोच. आणि हे एकदाच नाही, वर्षानुवर्षं असंच चाललंय अशी एफसीआयची तक्रार होती. कोर्टाने म्हटलं योगायोग एवढा लांब चालत नाही.

आता सिलिंडरची बाजू भरा. 14.2 किलोचे सिलिंडर, 2010 चं इंडियन ऑइलचं टेंडर, बोली लावणारे पन्नासच्या आसपास, आणि त्यांच्याकडून घेणारे देशभरात खरं म्हणजे तीनच, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम. म्हणजे दुसऱ्या कोणाला माल विकायची सोयच नाही. खरेदीदार आधी स्वतःचा अंदाजित दर काढतो, मग सगळ्यात कमी दरवाल्याशी घासाघीस करतो, आणि ऑर्डर बऱ्याच जणांत वाटतो. अशा बाजारात दर सारखे येणारच, कारण दर ठरवण्याची ताकद विकणाऱ्याकडे नाहीच. बोलीच्या आधी उत्पादकांची मुंबईत मीटिंग झाली होती हे सुद्धा रेकॉर्डवर होतं, तरी कोर्टाने म्हटलं तेवढ्याने भागत नाही. (मला स्वतःला ही मीटिंग कोर्टाने फार हलक्यात घेतली असं वाटतं. पेपरमध्ये मी तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि आजही बदलणार नाही.)

हे सगळं मी सेमिनारमध्ये मांडलं. माझं म्हणणं एवढंच होतं की आकडा सारखा आहे हा प्रश्नाचा शेवट नाही, सुरुवात आहे, बाजाराच्या रचनेने ज्याचा खुलासा होतच नाही असं काय उरतं ते शोधायचं, आणि हे काम पुरावा वाचणाऱ्याचं आहे. अमेरिकेत टूम्ब्लीचा निकाल, 2007, तेच सांगतो, नुसतं समांतर वागणं पुरेसं नाही. युरोपात वुड पल्पचा निकाल, 1993, तेच, संगनमत हा एकमेव पटण्यासारखा खुलासा असेल तरच. सर म्हणाले हे सगळं कायद्याचे लोक स्वतःचं महत्त्व वाढवायला बोलतात, आणि शेऱ्यात लिहिलं "अर्थशास्त्रीय पाया कच्चा", मार्कही त्याच हिशोबाने. माझ्या कागदावरच्या एकाही रकान्याबद्दल त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. आपल्या स्पर्धा कायद्याच्या कलम 2 मध्ये 'करार' याच्या व्याख्येत नुसती समजूत किंवा एकत्र कृतीसुद्धा येते, लेखी असायची गरज नाही, मग ती समजूत होती की नव्हती हे कोणतं समीकरण सांगणार? साक्षी, तारखा, रजिस्टर, ईमेल, हेच सांगणार.

इकॉनॉमिक्स किती लागतं म्हणाल तर बाजार आखायला किंमत थोडी वाढवली तर गिऱ्हाईक कुठे जाईल ही चाचणी, एचएचआय (बाजार किती थोड्या कंपन्यांच्या हातात आहे याचं माप), आणि मागणीची लवचिकता (दर बदलला तर मागणी किती बदलते). मन लावून वाचलं तर हे जमतं. खरी मेहनत निकाल पूर्ण वाचण्यात आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत, हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचतात. उदाहरणार्थ एक्सेलमध्ये लोकांना फक्त दंडाचा भाग आठवतो, की सीसीआयने (स्पर्धा आयोगाने) एकूण टर्नओव्हरवर (उलाढालीवर) 9 टक्के लावून त्या तिघांपैकी यूपीएलला 252 कोटींच्या वर दंड केला आणि फक्त त्या गोळ्यांचा, म्हणजे संबंधित, टर्नओव्हर धरल्यावर तो सातेक कोटींवर आला, आणि सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. पण त्याच निकालात आणखी एक भारी मुद्दा आहे. संगनमताला बंदी घालणारं कलम 3 लागू झालं 20 मे 2009 ला आणि बोली भरल्या होत्या त्याच्या आधी, मग कायदा लागूच कसा? कोर्टाने म्हटलं बोलीचा परिणाम पुढे चालू राहिला, वाटाघाटी नंतर झाल्या. यावर कोणी पेपर लिहिताना मी तरी पाहिलं नाही. आणि दंडाबद्दल लिहायचंच असेल तर 2023 ची दुरुस्ती धरून लिहा, आता टर्नओव्हर म्हणजे जगभरातला, सगळ्या मालाचा आणि सेवांचा असं दंडाच्या कलम 27 मध्येच घातलंय, आणि आयोगाच्या 2024 च्या गाइडलाइन्समध्ये संबंधित टर्नओव्हर पुन्हा हिशोबात आला, पायरी म्हणून. म्हणजे कोर्टाचा तो भाग संसदेने अर्धा उलटवला आणि आयोगाने अर्धा परत आणला. हा सेमिनार पेपरला बरोब्बर पुरेल एवढा विषय आहे.

गूगलवर का नको? सीसीआयच्या ऑक्टोबर 2022 च्या अँड्रॉइड ऑर्डरवर, 1,337.76 कोटी दंडवाली, इतकं लिहून झालंय की तुमचा पेपर दुसऱ्यांच्या पेपरांचा सारांश होईल, आणि जी तांत्रिक माहिती लागते ती ऑर्डरच्या बाहेर विद्यार्थ्याच्या हाती येत नाही. टेंडरच्या केसमध्ये दर, तारखा, बोलीदार, बरंचसं निकालातच लिहिलेलं असतं, स्वतः तपासता येतं.

नोकरीचं म्हणाल तर, मर्जरच्या (कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या) फाइलिंगचं काम करणाऱ्या टीममध्ये जायचं असेल तर इकॉनॉमिक्सचा एखादा कोर्स खरंच करा, तिथे रोज आकड्यांशीच गाठ असते, माझं वरचं सगळं कार्टेल आणि टेंडरपुरतं धरा. आणि कॉलेजात सेमिनारचं मूल्यमापन एकाच माणसाच्या हातात असेल तर आधी सीनियर्सना विचारून घ्या की ते पेपर वाचतात का. वाचत असतील तर विषय कितीही लहान घ्या. गाइड "एवढ्याशा विषयावर काय लिहिणार" म्हणाले तर त्यांना विचारा की 388 रुपयांवर कार्टेल सिद्ध झालं आणि सिलिंडरवर का नाही झालं, आणि उत्तर लिहून घ्या.