रविवारी दुकानं बंद, गाड्या चालू

या वेळी प्रश्नांचा ढीग जर्मनीतून आलाय, त्यातही स्टुटगार्टच्या आसपासून जास्त. साहजिकच आहे, पुण्या-चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांमधून इकडे येणारी मंडळी खूप, आणि मीही नवऱ्याबरोबर चौदा वर्षं इथेच राहतेय. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून अधिकृत भगिनी-शहरं आहेत म्हणे, पण इथल्या रविवारी बाहेर पडलात तर मुंबईशी नातं कुठून जुळलं असा प्रश्न पडतो!

ताई, लग्न होऊन चार महिन्यांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आले. तो दिवसभर ऑफिसात, मी घरी, आठवड्यातून तीनदा जर्मनचा क्लास. शनिवार सामान आणि साफसफाईत जातो, रविवारी सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी म्हणते कुठेतरी जाऊया, तर तो म्हणतो आत्ता पैसे साठवू आणि उन्हाळ्यात एकदमच पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करू. तोपर्यंत काय करायचं? मला घर खायला उठतंय.
— एक वाचक, बोब्लिंगेन

अगं, तुझं पत्र वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. आम्हीही असेच साठवत बसलो होतो आणि उन्हाळ्यात आठ दिवसांत तीन देश करून आलो, त्यातलं मला आता मुख्यतः हॉटेलचे जिने आठवतात.

पहिलं काम, नवऱ्याला विचार की त्याच्याकडे डॉइचलांडटिकिट आहे का. बहुतेक असेल, ऑफिसला जायला घेतलं असेल आणि शनिवार-रविवारी ते खिशात नुसतं पडून असेल. हे तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ आहे, म्हणजे वाढतंय खरं, पण त्यात अख्ख्या जर्मनीतल्या रिजनल गाड्या, एस-बान (आपली लोकलच म्हण), उ-बान (मेट्रो), ट्राम, बस सगळं महिनाभर कितीही वेळा. कंपनी जर २५ टक्के भार उचलत असेल तर वर ५ टक्के सूट मिळते, तेव्हा एचआरला एकदा विचारायला सांग, लाजायचं काही नाही त्यात. तू क्लासला गाडीने जात असशील तर तुझंही काढा. तुला रोज लागत नसेल तर मग ज्या दिवशी जायचं त्या दिवसापुरतं बाडेन-व्युर्टेंबर्ग टिकिट (म्हणजे आपल्या या राज्यापुरतं) बघा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, फक्त सोम ते शुक्र सकाळी नऊच्या आधी चालत नाही. एक सांगते, डॉइचलांडटिकिट आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतं, बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत करावं लागतं, अकराव्याला आठवलं की गेले ६३ युरो.

आणि आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत डॉइचलांडटिकिट चालत नाही हो! आम्ही उल्महून परत येताना बडबडीच्या नादात समोर आली ती पांढरी गाडी पकडली, सीट मऊ, एसी छान, मी नवऱ्याला म्हणाले बघ जर्मनीत रिजनल गाड्यासुद्धा कशा असतात. टीसी आला तेव्हा कळलं. चूक आमचीच होती, भरले पैसे आणि गप्प बसलो. आता चढायच्या आधी बोर्डावर आरई किंवा आरबी, म्हणजे रिजनल गाडी, असं लिहिलंय का ते तोंडाने मोठ्याने वाचते, लोक बघतात, बघू देत.

आता जायचं कुठे. बाड उराखपासून सुरू करा. मेत्झिंगेनला गाडी बदलायची, तिथून छोटी गाडी, धबधब्याच्या नावाचाच स्टॉप आहे, उतरून झाडीतून सपाट वाट चालत गेलं की ३७ मीटरवरून पाणी पडताना दिसतं. सह्याद्रीतल्या धबधब्यांपुढे हे काहीच नाही असं नवरा म्हणेल, म्हणू दे, पण ते पाणी जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघत नाही, बारा महिने पडतं, आणि वर पायऱ्या चढून गेलं की हिरवळीवर बसून डबा खाता येतो. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ असतं, तेव्हा खालूनच नमस्कार करा. (मेत्झिंगेनला ब्रँडेड कपड्यांची आउटलेट्स आहेत. रविवारी तीही बंद. नवऱ्याला पैसे साठवायचेत ना, त्याला हे आवडेल.)

मग ट्युबिंगेन. नेकार नदीवर लांबट लाकडी नावा बांबूसारख्या काठीने ढकलत नेतात, काठावर पिवळी-गुलाबी घरं, विद्यापीठाचं गाव असल्यामुळे रविवारीही रस्त्यात जिवंत माणसं दिसतात, तुला त्याचीच जास्त गरज आहे असं वाटतंय. आणि उल्म. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरहून उंच आहे, १८९० ला पूर्ण झाला आणि पुढे सव्वाशेच्या वर वर्षं जगातलं सगळ्यात उंच चर्च म्हणून मिरवला, २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने त्याला मागे टाकलं. ७६८ पायऱ्या आहेत. जेजुरी-सप्तशृंगी केलेल्या माणसाला पायऱ्यांचं काय, असं मी म्हणाले होते आणि शेवटच्या टप्प्यातल्या त्या अरुंद गोल जिन्यात समोरून उतरणारी माणसं आली तेव्हा देवीच आठवली. आइन्स्टाइनचा जन्मही उल्मचाच, १८७९ चा.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. एक जवळचं ठिकाण असं ठरवा की जिथे परत परत जायचं. आमचं एक साधं जंगल आहे, एस-बानपासून वीस मिनिटं चालत, त्यात बघण्यासारखं खरं तर काहीही नाही. एप्रिलमध्ये तिथे रानलसणाचा वास सुटतो, ऑक्टोबरमध्ये पायाखाली पानांचा खच, जानेवारीत आम्ही दोघं आणि एक कुत्रेवाले आजोबा. आजोबा आधी बघायचेही नाहीत, तिसऱ्या वर्षी मान हलवली, आता हवामानावर बोलतात. पॅरिसला कोण तुझ्याशी हवामानावर बोलणार आहे?

डबा मात्र घरून न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. दोन कॉफी आणि केक म्हटलं तरी खिसा हलका होतो, आणि आडगावातल्या कॅफेत कार्ड घेतीलच असं नाही, टॉयलेटलाही सुट्टे लागतात. पाण्याची बाटली विकत घेतलीच तर फेकू नकोस, २५ सेंट परत मिळतात तिचे.

उन्हाळ्याचं पॅरिस रद्द करा असं मी म्हणत नाहीये. पण मेपर्यंत दहा-बारा रविवार असे काढलेत तर नवराच म्हणेल इटली पुढच्या वर्षी बघू, किंवा नाही म्हणणार, पण निदान तेव्हा तुम्हाला एकमेकांची चालायची स्पीड माहीत झालेली असेल. प्रवासातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

आमच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे. स्वित्झर्लंडला जायला वेगळा व्हिसा लागतो का? ऑफिसमधले एक जण म्हणतात काहीच लागत नाही, कार्ड दाखवलं की झालं.
— दोघं, रॉयटलिंगेन

व्हिसा लागत नाही, पण "काहीच लागत नाही" हे चूक. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहे, त्यामुळे जर्मनीच्या कार्डावर तुम्हाला जाता येतं, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. मात्र कार्डाबरोबर मूळ पासपोर्ट हवाच, फोनमधला फोटो पासपोर्ट नव्हे. बोडनझे सरोवराच्या काठच्या फ्रीडरिक्सहाफेनहून समोर स्वित्झर्लंडमधल्या रोमान्सहॉर्नला बोट जाते, पाऊण तासात पलीकडे, तिचं तिकीट मात्र वेगळं काढायचं. पलीकडे फ्रँक चालतात. आणि बोट निम्म्यात पोचायच्या आत मोबाईलचा डेटा बंद करा, कारण युनियनमधलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, तुमच्या प्लॅनमध्ये असेल तरच. सरोवराच्या या काठाला उभे असतानाही फोन कधी कधी पलीकडचं नेटवर्क पकडतो, तेव्हा ते बघत जा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय, तोही याच कार्डावर. इंग्लंड आणि आयर्लंडला मात्र भारतीय पासपोर्टवर वेगळे व्हिसा, तिथे हे कार्ड कामाचं नाही.

माझे मिस्टर देश मोजतात. अकरा झाले. दिवाळीच्या सुमारास चार दिवसांत अजून तीन करायचेत. मला दमायला होतं पण बोलले की "तुला फिरायची आवडच नाही" म्हणतात.
— नाव नको, म्युनिक

त्यांना लिंडाऊला घेऊन जा. बोडनझे सरोवराच्या काठी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्ही आहेत, दिवसभरात तिन्हीकडे पाय लावता येतो, मोजणी झाली. उरलेले तीन दिवस तुम्ही ठरवा. आणि दमणं म्हणजे आवड नसणं नव्हे हे त्यांना हा अंक उघडा ठेवून दाखवा.

आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं. बाहेर गेलं की ब्रेड-बटरवर दिवस काढतो. गावाकडच्या हॉटेलात काय मागावं?
— वाचक, हाइलब्रोन

केझश्पेट्झल मागा, जाड शेवयांसारखा प्रकार, भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा, पीठ अंड्यात भिजवतात तेव्हा तुम्हाला चालेल. सोबत मिरची न्या, हळूच. बटर ब्रेत्झेल कुठेही मिळतो. मात्र इकडच्या बटाट्याच्या सॅलडला भुलू नका! दिसतं अगदी उपासाचं, पण श्वाबेन भागात ते बहुधा मांसाच्या सूपमध्ये कालवतात. तसंच माउलटाशेन, आपल्या उकडलेल्या करंजीसारखं दिसतं, आत साधारणपणे मांसच असतं, भाजीचं आहे का ते विचारून घ्या. "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, काही जणांना हॅम म्हणजे मांस वाटतच नाही, म्हणून "वेगेटारिश" हा शब्द वापरा आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. काहीच नसेल तर टर्किश दुकानातलं फलाफल.

मुलगा-सून जर्मनीत आहेत, या म्हणतात. आम्ही पासष्टीचे, हिचे गुडघे दुखतात. डिसेंबरात ख्रिसमसचे बाजार बघायला जावं की मे महिन्यात? आणि आमच्यामुळे मुलांच्या सुट्ट्या वाया जातील का?
— वाचक, कोथरूड

काका, मेमध्ये या. बाजार सुंदर असतात, एसलिंगेनचा तर मध्ययुगीन थाटाचा असतो, पण डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि काकूंचे गुडघे थंडीत काय म्हणतील ते तुम्हालाच माहीत. मेअखेरीला रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो, मुलं ऑफिसातून आल्यावर चौघांनी मिळून निवांत फिरता येतं, सुट्टी काढायची गरजच नाही. किल्ले सोडा, सगळे चढावर आणि खाली दगडी फरशी. लुडविग्सबुर्गचा राजवाडा आणि बाग बऱ्यापैकी सपाट जमिनीवर आहे, स्टुटगार्टहून एस-बानने जाता येतं, बाकं जागोजागी. तुमच्या नावाने एक-दोन महिने डॉइचलांडटिकिटही काढता येईल, मुलाच्या खात्यातून पैसे जाऊ देत, म्हणजे दुपारी तुम्ही दोघं आपले आपण हिंडाल आणि सूनबाईलाही जरा श्वास घेता येईल (हे तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगतेय). व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. मात्र गुडघ्यांसारखं जुनं दुखणं त्यात धरलंय का, ते एजंटला तोंडी न विचारता कागदावर बघून घ्या.

मी समाजशास्त्र शिकवायचे, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे. नोव्हेंबरात तीन दिवस बर्लिनला चाललोय. गेट आणि भिंत बघणारच, पण मराठी माणसाने बघावं असं अजून काही?
— वाचक, कार्ल्सरुहं

आहे, आणि ते कुठल्याही टूरमध्ये नसतं. दालेम भागात इन्हेश्ट्रासं २२ नंबरची इमारत. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस पीएचडीसाठी बर्लिनला आल्या त्या इथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत. गाइड ऑयगेन फिशर, वंशावरून माणसाची प्रत ठरते असं मानणारा माणूस. बाईंना काम दिलं ते कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजायचं, आणि त्यांनी मोजून निष्कर्ष काढला की या फरकाचा वंशाशी संबंध नाही. पंचविशीच्या आतबाहेरची मराठी मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि गाइडच्याच गृहीतकाच्या विरुद्ध लिहायचं! मला तर आमच्या क्लासच्या जर्मन बाईंना व्याकरणाची शंका विचारायला दोन महिने लागले होते.

पुढे नाझी काळात या संस्थेने वंशशास्त्राच्या नावाखाली जे केलं त्याची पाटी इमारतीवर आहे. आता तिथे फ्राय विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग चालतो. उ-३ ने फ्राय युनिव्हर्सिटेट (थीलप्लात्झ) स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. आत फिरायला मिळेल असं धरून जाऊ नका. दिवसाउजेडी जा, नोव्हेंबरात चारनंतर पाटी वाचता येणार नाही, आणि वाचताना नवऱ्याला सांगा की भाषांतर तो करेल, नोकरी त्याची आहे ना इथे!