गॅस बॉयलर जुन्या विटांच्या चिमणीला जोडलाय, चालतोय पण छान, तरी लायनर खरंच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की न्यू जर्सीत १९४० च्या आसपासचं घर घेतलंय, बेसमेंटमधला गॅस बॉयलर आणि वॉटर हीटर दोन्ही एकाच विटांच्या चिमणीला जोडलेत, इन्स्पेक्टरने रिपोर्टमध्ये चिमणीतल्या मातीच्या टाइल्स फुटल्यात असं लिहिलंय, एक कॉन्ट्रॅक्टर लायनर (चिमणीच्या आतून सोडायची धातूची नळी) टाका म्हणतो तर दुसरा बॉयलरच बदला आणि पाइप भिंतीतून बाहेर काढा म्हणतो. बॉयलर तर व्यवस्थित चालतोय, मग हे लोक उगाच पैसे काढतायत का, आणि मार्चपर्यंत असंच चालवलं तर चालेल का?

उगाच नाही काढत. टाइल्स फुटल्या असतील तर लायनर लागतोच. मी इथे हीटिंगच्या डिझाइनमध्येच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या खूप लोकांनी अशी जुनी घरं घेतलीयेत आणि आपण फर्नेस-बॉयलरच्या घरात वाढलेलो नसल्याने हे कोणी सांगितलेलंच नसतं. बॉयलर चालतोय याचा अर्थ एवढाच की बर्नर आणि पंप ठीक आहेत. धूर कुठे चाललाय ते रेडिएटरला हात लावून कळत नाही.

तुमच्या बॉयलरला बहुतेक पंखा नसणार. धूर वर जातो तो फक्त गरम असल्यामुळे, गरम हवा हलकी म्हणून वर चढते आणि मागची ओढून घेते, यालाच ड्राफ्ट म्हणतात. म्हणजे चिमणी गरम राहिली तरच ओढ राहते. आता ही जुनी चिमणी बांधली तेव्हा खाली बहुतेक कोळसा किंवा तेल जळत असणार, त्या धुराला ऐसपैस फ्लू, म्हणजे चिमणीतली पोकळी, लागायचा. आजच्या गॅस बॉयलरचा धूर कमी आणि थंड, तो त्या मोठ्या पोकळीत हळूहळू चढतो आणि वाटेतच गार होतो, त्यात चिमणी बाहेरच्या भिंतीला असेल तर जानेवारीत विचारूच नका.

आणि गॅसच्या धुरात पाणी किती असतं याचा लोकांना अंदाजच नसतो. तासाला १ लाख बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) बॉयलर सलग तासभर जळला की साधारण ४ लिटर पाणी वाफ होऊन चिमणीत जातं. ते वरून बाहेर पडलं तर काही प्रश्न नाही, पण भिंतीचं तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली आलं की वाफ तिथेच पाणी होते, ते पाणी आंबट असतं, विटांमधला चुना खातं, टाइल्स सुटतात, तुकडे खाली पडतात आणि बॉयलरचा पाइप जिथे चिमणीत शिरतो तिथेच ढीग होतो. पूर्वी तेल जळत असेल तर जुनी काजळीसुद्धा ओली होऊन सुटते आणि त्याच ढिगात जमा होते. तोंड अर्धं बुजलं की धूर मागे फिरून बेसमेंटमध्ये.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. चिमणीच्या पायथ्याशी लोखंडाचं छोटं दार असतं, क्लीनआउट, बॉयलर बंद आणि गार असताना ते उघडा आणि आत टॉर्च मारा. विटकरी भुसा आणि टाइलच्या ठिकऱ्या निघाल्या तर वर काय चाललंय ते कळलंच. मग वॉटर हीटरच्या डोक्यावर बघा, पाइपांभोवती लाल-निळ्या प्लास्टिकच्या रिंगा असतात, त्या वितळून वाकड्या झाल्या असतील तर गरम धूर ड्राफ्ट हूडमधून, म्हणजे डोक्यावरच्या धूर गोळा करणाऱ्या टोपीतून, बाहेर सांडतोय. हूडच्या कडेला गंज किंवा काजळी, चिमणीवर बाहेरून पांढरे मिठासारखे डाग, या सगळ्या त्याच गोष्टीच्या खुणा.

आणखी एक टेस्ट आहे, आधी गॅसचा वास येत नाहीये ना एवढी खात्री करा, येत असेल तर काहीही पेटवू नका, बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा. वास नसेल तर सगळी दारं-खिडक्या बंद, बेसमेंटचं दारही बंद, बाथरूमचे पंखे, ड्रायर, किचनचा एक्झॉस्ट सगळं फुल चालू करा, बॉयलर आणि वॉटर हीटर चालू करून ५ मिनिटं थांबा आणि मग ड्राफ्ट हूडच्या कडेशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तुमच्याकडे आला तर दोन्ही बंद करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

किचनचा एक्झॉस्ट मुद्दाम म्हटलं. आपण फोडणीसाठी ९०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा, किचन हूड बसवतो, तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, ती चिमणीतून उलटी यायला लागते. बिल्डिंग कोडमध्ये ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला मेकअप एअर, म्हणजे बाहेरून भरपाईची हवा, द्यावी लागते ती याचसाठी. तसंच बेसमेंट फिनिश करायची आपल्या लोकांना भारी हौस, होम थिएटर होतं आणि बॉयलर एका कपाटात कोंडला जातो. गॅस जळायला पुरेशी हवा मिळावी म्हणून नियम आहे १००० बीटीयूला ५० घनफूट जागा, म्हणजे बॉयलर १ लाख आणि वॉटर हीटर ४० हजार धरला तर ७००० घनफूट, ७ फुटी बेसमेंटमध्ये १००० चौरस फूट झाले! कपाट करायचंच असेल तर मोठ्या खोलीत उघडणाऱ्या दोन जाळ्या हव्यात, एक वर छताजवळ एक खाली जमिनीजवळ, या उदाहरणात प्रत्येकी १४० चौरस इंच मोकळ्या. जाळीसमोर सोफा ठेवायचा नाही.

आता दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं. भिंतीतून पाइप म्हणजे तो कंडेन्सिंग बॉयलर सांगतोय, ९० टक्क्यांच्या वर एफिशियन्सीवाला. चांगला असतो, मला स्वतःला आवडतो, पण त्याचा धूर पंखा ढकलतो, तो कधीही विटांच्या चिमणीत सोडायचा नाही, त्याला स्वतंत्र सीलबंद पाइप लागतो आणि निघणाऱ्या आंबट पाण्याला ड्रेन. आणि जे बरेचदा कोणी सांगत नाही ते असं की बॉयलर गेला की जुना वॉटर हीटर त्या मोठ्या चिमणीवर एकटा उरतो. त्याचा ४ इंची पाइप म्हणजे साधारण साडेबारा चौरस इंच, फ्लू त्याच्या ७ पटीपेक्षा मोठा चालत नाही, म्हणजे ८८ चौरस इंच, आणि फ्लू आतून १२ बाय १२ असेल तर १४४ होतात. म्हणजे लायनर तरीही लागतोच, नाहीतर वॉटर हीटरही बदला. कोटेशन घेताना हे विचारा, उत्तर नीट आलं नाही तर त्या माणसाला काम देऊ नका.

लायनर टाकायचा तर स्टेनलेस स्टीलचा, आणि साइज दोन्ही उपकरणांच्या बीटीयूवरून आणि चिमणीच्या उंचीवरून टेबल बघून काढलेला हवा, "६ इंची टाकतो सगळीकडे" असं नको. आधी चिमणी साफ करून कॅमेरा घालून घ्या, याला लेव्हल २ इन्स्पेक्शन म्हणतात, घर विकत घेताना किंवा उपकरण बदलताना हेच करायचं असतं. बॉयलरपासून चिमणीपर्यंतचा आडवा पाइप फुटाला पाव इंच चढता हवा, सांध्यांना स्क्रू हवेत. वर टोपी हवी, पक्षी घरटी करतात. फायरप्लेसचा फ्लू वेगळाच असला पाहिजे.

या धुरातला धोका म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बिनवासाचा विषारी वायू. त्याचा अलार्म सगळ्या बेडरूमच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर लावा, पण एकट्या अलार्मवर भिस्त ठेवू नका. साधा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांनी वाजतो, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत, ७० च्या खाली थोडं थोडं रोज येत असेल तर गप्प बसतो. घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि ऑफिसला गेलं की बरं वाटतं असं होत असेल तर ते सर्दी म्हणून सोडू नका. अलार्मच्या मागे एक्स्पायरीची तारीख असते ती बघा. वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ लावा. बऱ्याच बॉयलरवर धूर उलटा आला की बंद पाडणारा छोटा स्विच असतो, तो सारखा ट्रिप होत असेल तर रीसेट करत राहायचं नाही आणि कोणाला बायपासही करू द्यायचा नाही.

जाता जाता, पुण्या-मुंबईत घरी बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो बाहेर ड्राय बाल्कनीत हलवायला सांगा, हाच कार्बन मोनॉक्साइड आहे आणि तिथे तर बहुतेकदा चिमणीच नसते. दर थंडीत यात माणसं जातात हो.

राहिला मार्चचा प्रश्न. नाही, थांबू नका. उदबत्तीचा धूर आज आत गेला तरी फुटकी टाइल उद्या पडू शकते, आणि बॉयलर सगळ्यात जास्त चालणार ते याच तीन महिन्यांत. लायनर साधारण एका दिवसात बसतो, तेवढा दिवस हीटिंग बंद राहील. बॉयलर जुना असेल आणि पुढे कंडेन्सिंग घ्यायचाच असेल तर लायनरचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दोन्ही पर्यायांचं कोटेशन वॉटर हीटर धरून एकत्र मागवा, आणि ठरलं की याच महिन्यात करून टाका.