आधी तळमजला काढ

सदाशिव पेठ, पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या इमारतीचा नकाशा पाहिला. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आतला प्लॉट, मालकाचा डोळा चार एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकामावर, आणि शेजारच्या सोसायटीची हरकत: ‘आमच्या भागाचं स्वरूप बिघडेल.’ त्या एका वाक्यावर तू वैतागलीस. तर आधी त्यांच्याकडे जा, ‘स्वरूप’ म्हणजे काय ते विचार, आणि चहा घेतल्याशिवाय उठू नकोस. खरी हरकत दुसऱ्या कपाला बाहेर येते. बहुतेकदा ती टँकरची असते, गेटसमोर लागणाऱ्या गाड्यांची असते, नाहीतर गच्चीवरच्या कुरडयांना मिळणाऱ्या उन्हाची. या प्रत्येकीवर काहीतरी करता येतं. ‘स्वरूपा’वर काय करणार?

त्यांना वाटतं, दाटी म्हणजे उंची. हिशेब मांडून दाखव. 1000 चौरस मीटरचा प्लॉट, दोन एफएसआय, म्हणजे 2000 चौरस मीटर बांधकाम. निम्मा प्लॉट व्यापलास तर चार मजले, पाचवा हिस्सा व्यापलास तर दहा. माणसं तेवढीच. आपल्या पेठा तर दोन-तीन मजल्यांतच गच्च भरल्या होत्या. रस्त्याला लागून दुकानाच्या फळ्या, मधून दिंडी दरवाजा, आत चौक, माडीवर बिऱ्हाडं. (उगाच गहिवरू नकोस हं. वाड्याचं कौतुक ज्यांनी सकाळी संडासापुढे नंबर लावला नाही त्यांनाच जास्त.) शहर पेठांबाहेर पसरलं तेव्हा प्लॉट, कंपाउंड, बंगला ही घडण आली. तुझे शेजारी जपतायत ते स्वरूप हे, पेठेपेक्षा पुष्कळ अलीकडचं. पण हे त्यांना तोंडावर सांगू नकोस.

आता माझी चूक ऐक. नव्वदच्या दशकात मी एका गल्लीत एक पुनर्विकास केला. जुन्या इमारतीखाली तीन गाळे होते: वाणी, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी. मी सगळा तळमजला पार्किंगला दिला, वर सदनिका. नियमात चोख, नकाशावर एकही शेरा आला नाही. मला त्याचा अभिमानच होता. वर्षभरानं तिकडून जाताना समोरच्या घरातल्या आजींनी हटकलं, “गिरणीचा दिवा असायचा हो, क्लासवरून पोरी यायच्या तेव्हा.” वर पूर्वीच्या दुप्पट माणसं राहत होती आणि खाली संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नव्हतं. नुसते खांब, दुचाक्या आणि बाकड्यावर पेंगणारा वॉचमन. दाटी वाढवून मी गल्ली ओस पाडली होती.

तुझ्या नकाशात तेच होतंय. रस्त्याकडचे सगळे साठ फूट गाड्यांना दिलेस, आणि ‘मिश्र वापर’ म्हणून पहिल्या मजल्यावर ऑफिसं टाकलीस. जिना चढून कोण कोथिंबीर आणायला जाणार आहे? गाड्या मागे ने, नाहीतर तळघरात, आणि रॅम्प एकच ठेव. पुढे दहा-दहा फुटांचे गाळे काढ. मोठा हॉल काढलास की तिथे शोरूम येते, वाणी येत नाही. आणि शेजारची इमारत तीन मजली आहे ना, मग रस्त्याकडची तुझी भिंतही तिथवरच उचल, वरचे मजले मागे सरकव. उन्हाची तक्रार बरीचशी तिथेच मिटेल. मालक कुरकुरेल, कारण मागे सरकलं की सदनिकांची मापं बिघडतात. सरकल्यावर समोर गच्ची मिळते, ती वेगळ्या भावानं विकता येईल म्हणावं.

पाण्याचं मात्र तुझ्या हातात फार नाही. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापर, पावसाचं पाणी बोअरला सोड, पण टँकर येणारच नाही असं कबूल करून बसू नकोस.

शनिवारी येशील तेव्हा वरचे मजले आणूच नकोस. फक्त तळमजला आण, एकास पन्नास मापात, दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या तळमजल्यांसकट. त्यात गिरणी कुठे बसवलीस ते दाखव. मोटारीची घरघर वरच्या बेडरूममध्ये जाता कामा नये.

तुझा,
सर