हंगामाचा सण कोणत्या हंगामात?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नागपूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मुलगी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या एका खेड्यात राहते आणि दोन खेपांत मिळून मी तिच्याकडे जवळजवळ वर्षभर राहून आले. तेथील अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये जानेवारीत वेदीसमोर नांगर आणून ठेवला होता. मे महिन्यात पाळकांसह सगळी मंडळी शेतांच्या कडेकडेने प्रार्थना करत चालली, आणि सप्टेंबरच्या अखेरीस गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदे आणि डबाबंद धान्याने चर्चच्या खिडक्या भरून गेल्या. मात्र सात चर्चना मिळून एकच पाळक होते आणि साध्या रविवारी उपासनेला जेमतेम पंधरा माणसे असत. आमचे मूळ गाव कुही तालुक्यात आहे. तेथेही आम्ही पूर्वीपासून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हंगामाचा सण करतो, पण तेव्हा कपाशीची बोंडे फुटलेली नसतात आणि सोयाबीन अजून शेतातच असते, म्हणून बाजारातून भाजी विकत आणून अर्पण करावी लागते. आपले हे पंचांग परक्या मातीतले आहे, असे मला हल्ली फार वाटते. माझे हे वाटणे बरोबर आहे काय?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आपले वाटणे निम्मे बरोबर आहे, आणि ते नेमके कोणते निम्मे, हे सांगण्यासाठी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

चर्चच्या वर्षात दोन धागे एकमेकांत गुंफलेले आहेत. पहिला धागा ख्रिस्तचरित्राचा : आगमनकाळ, नाताळ, प्रकटीकरण, उपवासकाळ, पुनरुत्थान (ईस्टर), स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट. दुसरा धागा इंग्लंडच्या शेतकऱ्याचा आहे, आणि आपण पाहिलेला नांगर, शिवारातली फेरी व गव्हाच्या पेंढ्या या त्या दुसऱ्या धाग्याच्या गाठी आहेत. पहिला धागा जगभर सारखा असतो, दुसऱ्याला मात्र कोणी कधी कायद्याचे रूप दिलेले नाही. अँग्लिकन उपासना ज्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकावर उभी आहे, त्यात हंगामाच्या सणाची उपासनाच नाही, हे सांगितले तर आपल्याकडील अनेक ज्येष्ठांना आश्चर्य वाटेल.

हा सण आज ज्या रूपात आपण ओळखतो, तो रॉबर्ट स्टीफन हॉकर या पाळकांच्या पुढाकाराने रूढ झाला. कॉर्नवॉलच्या अगदी कड्यावर, अटलांटिक समुद्राच्या तोंडाशी मॉर्वेन्स्टो नावाचे गाव आहे. तेथे ते 1834 पासून पाळक होते आणि फुटलेल्या जहाजांतून किनाऱ्याला लागणारी खलाशांची प्रेते शोधून त्यांना सन्मानाने मूठमाती देणारा हा मनुष्य इतरही अनेक बाबतींत स्वतंत्र बुद्धीचा होता. 1843 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी गावकऱ्यांना नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घेण्यासाठी बोलावले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये 1 ऑगस्टला नव्या गव्हाची पहिली भाकरी चर्चमध्ये नेण्याची फार जुनी प्रथा होती, ती मागे पडली होती. हॉकर यांनी ती जशीच्या तशी परत आणली नाही. त्यांच्या गावात पीक घरात कधी येते, हे पाहून त्यांनी दिवस ठरवला. पुढे शरद संपाताच्या आसपासच्या पौर्णिमेजवळचा रविवार सर्वत्र सोयीचा वाटू लागला, कारण इंग्लंडात तोपर्यंत गहू कणगीत पडलेला असतो. आपल्या कुही तालुक्यातील मंडळीने इंग्लंडची तारीख उचलली आणि हॉकर यांची रीत सोडली, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. हॉकर नागपूरकडे पाळक असते, तर त्यांनी हा सण सप्टेंबरात घेतला नसता.

मे महिन्यातल्या फेरीचा इतिहास याहून जुना आहे आणि मला तो अधिक आवडतो. पाचव्या शतकात गॉल देशातील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन येथील बिशप मामर्टस यांनी भूकंप आणि इतर संकटांच्या काळात स्वर्गारोहणाच्या आधीच्या तीन दिवशी उपवास आणि प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. इंग्लंडात त्यांना गावशीव फिरण्याचे रूप आले. त्यामागे भक्तीइतकाच व्यवहारही होता. 1601 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, आपल्या हद्दीतील गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. दशमांशाचे धान्य कोणत्या चर्चला द्यायचे, हेही शिवेवरून ठरत असे. नकाशे नव्हते, म्हणून दरवर्षी पाळक, वडीलधारी माणसे आणि गावातली मुले मिळून शीव चालत जात. शिवेच्या दगडांवर काठ्या आपटत, आणि प्रसंगी मुलांनाच त्या दगडावर आपटवून बसवत, म्हणजे म्हातारपणी साक्ष द्यायची वेळ आली तर त्या दगडाची जागा त्यांना पाठीच्या आठवणीने सांगता यावी. आपल्याकडे मोजणीच्या वेळी धुऱ्यावरून उभ्या राहणाऱ्या भांडणांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या रिवाजातले शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. हे पंचांग परक्या मातीतले आहे काय? पहिल्या धाग्यापुरते बोलायचे, तर इंग्लंडच्या मातीतलेही ते मुळातच नाही. इंग्रज लोक उपवासकाळाला ज्या ‘लेंट’ या नावाने ओळखतात, ते वसंतासाठी असलेल्या त्यांच्या जुन्या शब्दापासून आले आहे, आणि त्यांच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी शेतात कापण्यासारखे काहीही नसते. फुले येतात, कोकरे जन्मतात, पण कोठीतले गेल्या वर्षीचे धान्य तळाला गेलेले असते. ज्या देशात या घटना घडल्या, तेथे मात्र यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास सातूचे पीक कापणीला येई आणि त्याची पहिली पेंढी मंदिरात अर्पण होई. त्यानंतर पन्नास दिवसांनी, म्हणजे पेंटेकॉस्टला, नव्या गव्हाच्या भाकरी अर्पण होत. प्रेषित पौलाने मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटले, ते ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती पेंढी होती. पॅलेस्टाईनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसावर पेरणी होते आणि उन्हाळा तापण्याआधी कापणी होते. हे वर्णन वाचून आपल्या गावच्या कोणत्याही शेतकऱ्याने एकच शब्द उच्चारला असता, आणि तो म्हणजे रब्बी.

माझे वडील भंडारा रस्त्यावरच्या काही खेड्यांत पाळक होते आणि सायकलवरून उपासनेला जात. उपवासकाळात पळस पेटलेला असे, बांधावरच्या मोहाखाली बाया पहाटे फुले वेचत असत आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत गहू व हरभरा खळ्यावर आलेला असे. हा सण 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो, म्हणजे कधी होळीच्या तर कधी चैत्रातल्या पौर्णिमेला लागून. एका वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्या सकाळी गव्हाच्या ओंब्यांची जुडी वेदीवर आणून ठेवली, तेव्हा वडिलांनी ठरवलेला उपदेश बाजूला ठेवून त्या जुडीवरच भाषण केले. इंग्लंडच्या कोणत्याही पाळकाला एप्रिलमध्ये हे करता आले नसते. जुन्या मराठी बायबलात आगोटीचा आणि वळवाचा पाऊस असे शब्द आहेत. तेथील पाऊस आणि आपला पाऊस वेगळ्या महिन्यांत पडतो, तरी भाषांतरकारांना पेरणीपूर्वीची आणि कापणीपूर्वीची धाकधूक ठाऊक होती, हे त्या शब्दांवरून कळते.

व्यवहाराचे सांगायचे तर, नागपूर धर्मप्रांत 1903 मध्ये अँग्लिकन म्हणून स्थापन झाला असला, तरी 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात सहा चर्च-पंथांचे एकीकरण होऊन उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्यामुळे परक्या गावच्या प्रथेला बांधून राहण्याचे कारण आपल्याला उरलेले नाही. आपल्या स्थानिक मंडळीच्या समितीत विषय मांडावा आणि पाळकसाहेबांच्या संमतीने हंगामाचा सण नोव्हेंबरच्या मध्यावर न्यावा. तोवर सोयाबीन विकले गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते आणि धानही कापून होत आलेले असते. उपासनेनंतरचा अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव तेव्हा अधिक रंगेल. आमच्याकडे पन्नास रुपयांचा भोपळा दोनदा-तीनदा परत लिलावात येऊन पाचशेला जात असे आणि शेवटी ज्याने आणला त्याच्याच घरी शिजत असे.

सात चर्च आणि पंधरा माणसे यांविषयी आपण खेदाने लिहिले आहे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे सोळा हजार चर्चच्या इमारती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा खेड्यांत आहेत, त्यामुळे एका पाळकाकडे अनेक गावे येणे आता तेथे नेहमीचे झाले आहे. पण पॅरिश म्हणजे केवळ रविवारची पंधरा माणसे नव्हेत. त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाला, तो उपासनेला येवो वा न येवो, तेथील चर्चमध्ये विवाह करण्याचा आणि स्मशानभूमी खुली असल्यास तेथे पुरले जाण्याचा हक्क आहे. आपल्याकडील मंडळी सभासदांच्या यादीवर चालते, तेथील पॅरिश शिवेवर चालते, आणि हा फरक लक्षात घेतल्यावाचून त्या रिकाम्या बाकांचा अर्थ लावू नये.

प्रश्न : आमची संत्र्याची आणि थोडी कोरडवाहू शेती आहे. पोळ्याच्या दिवशी आम्हीही बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून गोडाचे खाऊ घालतो. मंडळीतील काही जणांना हे खटकते. आपले मत काय?
— एक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : ज्या परंपरेतून आपली मंडळी आली, तिच्याच जन्मभूमीत प्रकटीकरणाच्या 6 जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी नांगर चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद मागतात, याचा उल्लेख वरच्या पत्रात आलाच आहे. लोखंडाच्या फाळासाठी प्रार्थना चालते आणि तो ओढणाऱ्या जनावराला दिलेली एक दिवसाची विश्रांती चालत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नको, असे बायबलच्या नियमशास्त्रातच सांगितले आहे. बैलाची पूजा करणे आणि बैलाचे उपकार मानणे यांतील भेद आपल्या घरात आपण पाळत असालच. आक्षेप घेणाऱ्यांनी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला येऊन वर्षभराच्या जुवाने बैलाच्या मानेवर पडलेल्या घट्ट्यावर स्वतःच्या हाताने लोणी चोळावे आणि मग आपले मत सांगावे, एवढीच माझी सूचना आहे.

प्रश्न : आम्ही यंदा नाताळापूर्वी शब्बाथशाळेच्या मुलांकडून संत्र्यात मेणबत्ती लावण्याचा ‘क्रिस्टिंगल’ हा इंग्लंडमधील कार्यक्रम करणार आहोत. त्याचा अर्थ मुलांना कसा सांगावा? आणि नागपूरची संत्री त्यासाठी चालतील का?
— शब्बाथशाळेच्या एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : या प्रथेची सुरुवात 1747 मध्ये जर्मनीतील मारिएनबोर्न येथे मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीत झाली. तेव्हा मुलांना फक्त लाल फीत बांधलेली मेणबत्ती देण्यात आली होती, संत्रे नंतर आले. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ती 1968 पासून होऊ लागली. संत्रे म्हणजे पृथ्वी, भोवतीची लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश, आणि सुकामेवा किंवा गोळ्या टोचलेल्या चार काड्या म्हणजे चार ऋतू व त्यांची फळे, असा अर्थ सांगतात. आपल्याकडे ऋतू सहा आहेत, तेव्हा सहा काड्या टोचल्यास माझी हरकत नाही. मुले शाळेत वसंत, ग्रीष्म, वर्षा असेच पाठ करतात आणि पावसाला काडी मिळाली नाही, तर विदर्भातले मूल प्रश्न विचारणारच. सुकामेव्याऐवजी बोर, शेंगदाणे आणि तिळाची रेवडी टोचली, तरी अर्थ बदलत नाही.

संत्र्याचा प्रश्न मात्र खरोखर अडचणीचा आहे. आंबिया बहाराची फळे डिसेंबरात मुबलक मिळतात, पण इंग्लंडातील घट्ट सालीच्या फळात मेणबत्ती जशी रुतून बसते, तशी ती आपल्या संत्र्यात बसत नाही. आपल्या संत्र्याची साल सैल आणि फुगीर असते व आत फोडींच्या मधोमध पोकळी असते, त्यामुळे मेणबत्ती कलते आणि मुलांच्या हातावर मेण सांडते. बागेतून पूर्ण पिवळी होण्याआधीची, थोडी हिरवट आणि लहान फळे मागवून घ्यावीत. देठाकडे नाण्याएवढी साल कापावी, मेणबत्तीच्या बुडाला चंदेरी कागदाचे दोन-तीन वेढे देऊन ती त्या पोकळीत घट्ट दाबावी, आणि लहान वर्गातील मुलांना खऱ्या ज्योतीऐवजी बॅटरीवरची छोटी मेणबत्ती द्यावी. मोसंबी वापरली तर हे सगळे करावे लागणार नाही, पण नागपुरात नाताळाला मोसंबी आणल्याबद्दल पालक काय म्हणतील, याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.